सड्यावरचा इतिहास आणि आपण

स्थानिक इतिहासाचे काम करणाऱ्या संस्थांविषयी आपल्याकडे आदर पुष्कळ असतो. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ दिले जाते, वृत्तपत्रात छायाचित्र येते आणि दुसऱ्या दिवशी ती मंडळी पुन्हा एकटीच कामाला निघतात. आम्ही रत्नागिरीत मराठी शिकवणारे अध्यापकही या सत्कारात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच होतो. म्हणून हे टिपण प्रथम स्वतःलाच उद्देशून आहे.

रत्नागिरी परिसरातील कातळशिल्पे आज जगाला ठाऊक झाली आहेत. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील 9 स्थळांचा समावेश झाला. उक्षी, जांभरूण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही त्यांतील 7 स्थळे रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत. काशेळीच्या सड्यावर सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती कोरलेला असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती आहेत. गेंड्यासारखा, आज कोकणात कोठेही न आढळणारा प्राणीही या कातळांवर दिसतो.

ही शिल्पे उजेडात आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात 'निसर्गयात्री' या स्थानिक संस्थेकडे जाते. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांचे सहकारी सडे पायी तुडवीत हिंडले. त्यांची पद्धत आम्हांला विशेष मोलाची वाटते. त्यांनी गावकऱ्यांना विचारले, शाळांची मदत घेतली, मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांशी बोलायला सांगितले. काही शिल्पे गावाला पूर्वीपासून माहीत होती. कोठे ती पांडवांनी काढली असे सांगत, कोठे त्यांना देवत्व दिलेले होते. म्हणजे संशोधनाचे पहिले साधन येथे लोकांची स्मृती हेच होते.

येथेच मराठीच्या अध्यापकाचा संबंध येतो. शिल्पांचे मोजमाप आणि कालनिर्णय हे पुरातत्त्वाचे क्षेत्र होय. परंतु सड्यांची आणि पाणवठ्यांची नावे, त्यांच्याभोवतीच्या कथा, म्हाताऱ्या माणसांच्या बोलीतले शब्द हे कोणाचे क्षेत्र? 'गोठण' म्हणजे गुरे विसाव्याला बसण्याची जागा. तो शब्द देवाचे गोठणे या ग्रामनामात टिकला आहे. गुरे सड्यावर नेणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत. ती गेली की त्यांच्याबरोबर शब्द जातील आणि शिल्पांकडे जाणाऱ्या वाटांची आठवणही जाईल. राजवाड्यांनी गावोगाव दप्तरे धुंडाळली, तसाच ग्रामनामांचा आणि शब्दांचाही शोध घेतला. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या त्या पुरुषाला इतिहास आणि भाषा ही वेगळी खाती वाटली नाहीत. ती भिंत आपण अभ्यासक्रमांतून उभारली आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. शिल्पे पुष्कळदा खासगी जमिनीत आहेत. त्याच जांभ्यातून चिरे निघतात, त्याच कातळात सुरुंगाने खड्डे घेऊन आंब्याची कलमे लावली जातात. ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे, त्याला आपण वारशाचे व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यावे? आक्षेप खरा आहे, आणि शेतकऱ्याला दोषी ठरवून हा प्रश्न सुटणारही नाही. जमीनमालकाला मोबदला आणि गावाला उत्पन्नात वाटा मिळाला पाहिजे, ही मागणी अभ्यासकांनीही उचलून धरली पाहिजे. उक्षीत गावाच्या सहभागातून शिल्पाभोवती संरक्षक बांधकाम उभे राहिले, हे उदाहरण आपल्यासमोर आहे.

शिवाय संकट आल्यावर नोंदी करता येत नाहीत. 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि तीव्र विरोध झाला. प्रकल्पाविषयी कोणाचे मत काहीही असो, तेथे काय आहे हे साधार सांगता आले, कारण कोणीतरी आधीच उन्हातान्हात त्याची नोंद करून ठेवली होती.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, प्रत्येक मराठी विभागाने आपल्या परिसरातील एक सडा किंवा एक गाव निवडावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तेथील नावे आणि कथा, सांगणाऱ्याच्याच बोलीत, त्याच्या संमतीने, दिनांकासह उतरवून घ्याव्यात. एक प्रत गावात ठेवावी, एक संस्थेकडे द्यावी. अंदाज आणि पुरावा यांतला फरक नोंदीत स्पष्ट राखावा. शिल्पे किती हजार वर्षांची याविषयी तज्ज्ञ अजून जपून बोलतात; आपणही उत्साहाच्या भरात आकडे फुगवू नयेत.

पावसाळा सरला की सडे पुन्हा चालण्याजोगे होतात. पुढच्या सत्काराला टाळ्या वाजवण्याआधी आम्ही वह्या घेऊन तेथे जावे, असे ठरवले आहे.