स्टॅक फुकट नाही हो!

मंडळी, सी लिहिणाऱ्यांच्या डोक्यात एक समजूत घट्ट बसलीय. तात्पुरता बफर हवाय? मॅलॉक कशाला, अलोका वापरा, स्टॅक फुकट आहे! स्टॅक पॉइंटर थोडा खाली सरकवला की झालं. फ्री करायचीही कटकट नाही.

वेगाबद्दल माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते 'फुकट' या शब्दाशी. मॅलॉक निदान नल परत देऊ शकतो. अलोकाला 'नाही' म्हणायची सोयच नाही. जागा संपली की प्रोग्राम कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे गार्ड पेजवरून उडी मारून भलत्याच मेमरीत लिहायला लागतो. क्वालिसच्या लोकांनी २०१७ मध्ये 'स्टॅक क्लॅश' या नावाने हेच दाखवून दिलं.

उदाहरण हवंय? सिस्टमडी घ्या. तिथे २०१५ मध्ये एका फंक्शनातला स्ट्रडप काढून स्ट्रडपए टाकला, म्हणजे हीपवरची कॉपी स्टॅकवर आणली. एका अक्षराचा फरक! लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी. त्याहून लांब पाथवर एखाद्या साध्या युजरने फाइलसिस्टम माउंट केली की सिस्टमडी आडवा, आणि तो पहिलाच प्रोसेस असल्यामुळे अख्खं मशीनच आडवं. हे उघडकीला आलं २०२१ मध्ये. दुरुस्ती काय, तर स्ट्रडप परत आणला!

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे पाय किती लांब हेच परका माणूस ठरवतो, त्याला काय करणार?

आता कोणी म्हणेल, मग वेगाचं काय? अहो, स्टॅक सोडा असं कोण म्हणतंय? माप आधी ठरवा, एवढंच. जीलिबसीचा स्क्रॅच बफर बघा. सुरुवातीला १०२४ बाइट स्टॅकवर, पुरले नाहीत तर हीप. नेहमीची छोटी कामं झटपट होतात आणि आडमाप इनपुट आलं तरी कोणी मरत नाही. लिनक्स कर्नलमध्ये तर एक्स८६-६४ वर स्टॅकच मुळी १६ केबी. तिथून व्हेरिएबल लेंग्थ अ‍ॅरे २०१८ मध्ये, ४.२० व्हर्जनपर्यंत, हाकलून दिले. गंमत म्हणजे ते ठरलेल्या मापाच्या अ‍ॅरेपेक्षा बऱ्याचदा हळूच चालायचे. म्हणजे वेगाची सबबही गेली.

तेव्हा नियम सोपा आहे. ज्या बफरचं माप बाहेरून येतं, तो स्टॅकवर ठेवायचा नाही. 'एवढं मोठं इनपुट कोण देणार?' असं विचारू नका. देणारा बसलेलाच असतो.

बघा पटतंय का.