वासाची तेले आणि पातळ रक्त

गेल्या माघात आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस घरात सर्वजण आक्का म्हणतात, अल्लीपुरास आमच्याकडे राहावयास आल्या. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसविलेली असून तीवर गुठळी धरू नये म्हणून त्या वॉरफरीनची गोळी नित्य घेतात. थंडीने गुडघे धरले, तेव्हा गंधपुऱ्याचे तेल चोळावे असे आम्हीच सुचविले. सूनबाईंनी पंधरा दिवस दोन्ही वेळा मनोभावे मर्दन केले. दुखणे उतरले, परंतु दंडावर काळेनिळे डाग उमटले आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले.

वर्ध्यास डॉक्टरांनी रक्त तपासविले, तो ते प्रमाणाबाहेर पातळ झालेले! नवे औषध काय घेतले, असे त्यांनी तीनदा विचारले आणि आम्ही तीनदा 'काही नाही' म्हणालो. चोळावयाच्या तेलास औषध कोण म्हणतो? अखेर आक्कांच्या लुगड्याच्या वासानेच आमचे बिंग फोडले.

गंधपुरा हे पूर्व हिमालयात व निलगिरी पर्वतात वाढणारे झुडूप. त्याच्या तेलाचा जवळजवळ सर्व भाग मिथिल सॅलिसिलेट नामक द्रव्याचा असतो. बाजारातले पुष्कळसे तेल कारखान्यात तयार होते, पण द्रव्य तेच. हे ॲस्पिरिनचे सख्खे भावंड होय. ते कातडीवाटे रक्तात उतरते आणि वॉरफरीनचा परिणाम वाढविते.

'तैल' म्हणजे तिळाचे, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! परंतु अर्थाचा विचार केला नाही. तिळाचे तेल हा स्नेह. कागदावर त्याचा थेंब पडला तर डाग राहतो. निलगिरीच्या तेलाचा थेंब टाकून पाहावा, काही वेळाने तो उडून जातो. ही दुसरी जात भट्टीवर वाफेने काढलेल्या अर्काची, आणि ती त्वचेतूनही सहज आत शिरते.

या अर्कांत गुण नाही असे मात्र कोणी समजू नये. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे, रक्त साखळविणाऱ्या प्लेटलेट नामक सूक्ष्म चकत्यांस काचनळीत एकमेकींस चिकटू देत नाही. ॲस्पिरिनचीही करणी अशीच आहे. सूज आणणारी व प्लेटलेट चिकटविणारी द्रव्ये शरीरात एकाच घराण्यात जन्मतात आणि ॲस्पिरिन तो जन्मच रोखते; प्रोस्टाग्लँडिनांसंबंधीचे हे काम जॉन व्हेन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले व १९८२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विदर्भाच्या रानातील तिखाडी गवताचे रोशा तेलही सांधेदुखीवर पूर्वापार चोळतात. (हेच तेल एके काळी मुंबईहून तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात भेसळीस लागे!) परंतु काचनळी म्हणजे मनुष्यदेह नव्हे. अशा तेलाने माणसाच्या शिरेतील गुठळी विरघळते किंवा टळते, असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा गोळी सोडून तेल धरणे हा शुद्ध आत्मघात, आणि गोळीसवे डॉक्टरांस न सांगता तेल धरणे हा आमचा प्रमाद.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी त्याच बैठकीत बजावली. एकच पाय अकस्मात सुजला, पोटरी दुखू लागली, हातास ऊन लागली, तर कोणतेही तेल चोळू नये. आत गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आक्कांचे रक्त आठवड्याभरात ताळ्यावर आले. आता सूनबाई तिळाचे कोमट तेल लावतात व आक्का 'पूर्वीची मजा नाही' म्हणून कुरकुरतात. गंधपुऱ्याची बाटली आम्ही कुलपात टाकली आहे, कारण त्याच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनचे बळ असते. तेवढे पोटात गेल्यास लहान मूल दगावू शकते, आणि आमचा धाकटा नातू दिसेल ती बाटली तोंडास लावतो.