नस फुटल्यावर 'किती टक्के?' हा प्रश्न विचारायचा कधी?

रात्रपाळीच्या विजेवर पिकाला दारं धरणारा पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस अचानक डोकं धरून खाली बसतो. आयुष्यात असं डोकं कधी दुखलं नव्हतं म्हणतो, उलटी होते, मान ताठरते. घरचे म्हणतात पित्त झालं असेल, मानेत लचक भरली असेल. मेडिकलमधून गोळी आणली जाते. सकाळी शुद्ध हरपली की गाडी शोधतात. शहराच्या दवाखान्यात पोचल्यावर नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, किती टक्के चान्स आहे?" पेशंट ठेवायचा की सही करून घरी न्यायचा, जमीन गहाण टाकायची की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं.

आपल्याकडे मेंदूतल्या सगळ्याच रक्तस्रावाला ब्रेन हॅमरेज म्हणतात. पण बीपी वाढून मेंदूच्या आत रक्तस्राव होणं वेगळं आणि रक्तवाहिनीला आलेला फुगा, म्हणजे अॅन्युरिझम फुटणं वेगळं. फुगा फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या आवरणात पसरतं. पक्षाघाताच्या एकूण रुग्णांत हे साधारण पाच टक्केच असतात, पण यात कर्त्या वयाची माणसं जास्त सापडतात. तंबाखूची धूम्रपानं आणि अंगावर काढलेलं बीपी ही दोन मोठी कारणं.

डॉक्टर टक्के सांगतात ते हवेतून नाही. १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात बेशुद्धी मोजायची एक पट्टी तयार झाली. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर ३ ते १५ गुण. याच गुणांवरून पुढे न्यूरोसर्जन संघटनांच्या जागतिक महासंघाने या आजाराच्या पाच पायऱ्या केल्या. पूर्ण शुद्धीत असलेला पहिल्या पायरीवर, खोल बेशुद्ध पाचव्या. २०१८ मध्ये सुमारे ११ हजार रुग्णांच्या माहितीवरून एक गणिती पद्धतही प्रसिद्ध झाली. त्यात वय, आधीचं बीपी आणि ही पायरी एवढ्यावरून पहिला अंदाज निघतो. स्कॅनमध्ये दिसणारं रक्त, फुग्याचा आकार आणि जागा धरली की तो आणखी जवळ जातो.

घोळ इथेच आहे. हे आकडे मुख्यतः मोठ्या दवाखान्यात पोचलेल्या, उपचार मिळालेल्या माणसांचे आहेत. वाटेतच गेलेले त्यात धरलेले नसतात. आणि जो दहा तास उशिरा पोचला, त्याची पायरीच वाटेत खाली गेलेली असते. फुगा एकदा फुटला की पुन्हा फुटायचा सर्वांत मोठा धोका पहिल्या २४ तासांत, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत असतो. दुसऱ्यांदा फुटला तर निम्म्याहून जास्त रुग्ण हाताला लागत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या हार्ट आणि स्ट्रोक संघटनांची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, शक्यतो २४ तासांच्या आत फुगा बंद करा, क्लिप लावून किंवा मांडीतून तार नेऊन कॉइल भरून.

आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथे सीटी, मग न्यूरोसर्जन असलेलं शहर. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी आणि एक-दोन तास. टक्के कमी होतात ते याच रस्त्यावर, पण हिशोब मात्र आजाराच्या नावावर लिहिला जातो.

दुसरी गोष्ट, पहिल्या तासाची पायरी शेवटची नसते. पुष्कळदा बेशुद्धी येते ती मेंदूत पाणी तुंबून. नळी टाकून ते काढलं की चौथ्या-पाचव्या पायरीवरचा माणूस डोळे उघडतो. पाचव्या पायरीवरून स्वतःच्या पायाने घरी गेलेले रुग्ण आहेत, जरी कमी असले तरी. उलट "चान्स नाही" ऐकून घरी नेलेला माणूस जातोच, आणि मग सगळे म्हणतात, डॉक्टर बरोबर बोलले होते. हा धोका जगभरचे मेंदूतज्ज्ञ मान्य करतात. म्हणून प्रश्न विचारायचाच तर पाणी काढून, स्थिर करून, पुन्हा तपासल्यावर विचारावा. तोवर सही करायची घाई नको.

घाई उलट बाजूनेही होते. ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी पेशंट उठून चहा प्याला, की बिलाच्या भीतीने नातेवाईक डिस्चार्ज मागतात. नेमका चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूतल्या नसा आकसायचा काळ असतो. चांगला बोलणारा माणूस त्यात पांगळा होऊ शकतो. निमोडिपिनच्या गोळ्या २१ दिवस देतात त्या यासाठीच. मधेच बंद करायच्या नसतात.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं आहे. पूर्वी दीड लाख होतं. योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आहेत, पण अंगीकृत दवाखान्यातच. तेव्हा १०८ मध्ये बसतानाच रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यावं, आणि रेफर करणाऱ्या डॉक्टरला दोनच गोष्टी विचाराव्यात: जिथे पाठवताय तिथे आत्ता न्यूरोसर्जन आहे का, आणि तो दवाखाना योजनेत आहे का. यातलं एक 'नाही' निघालं तर पेशंट तिथून पुन्हा हलवावा लागतो.

आणखी एक. कागदावरचा 'चांगला निकाल' म्हणजे माणूस चालतो, स्वतःचं स्वतः करतो. विसरभोळेपणा, लवकर येणारा थकवा, चिडचिड त्यात मोजली जात नाही. असा माणूस लगेच ट्रॅक्टरवर बसेल, बँकेचे व्यवहार सांभाळेल असं धरून चालू नये. घरी आल्यावर वर्षभर तरी दुसऱ्या कुणाला तरी पंपाची बटणं दाबायला जावं लागतं, आणि हे दवाखान्यातून निघतानाच घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं.