म्हणे भाग घेत नाही!

पावसाळ्याच्या तोंडावर दोन दिवस मामाकडे गेलो होतो, धामणगाव बढेला. (माहीत नसलेल्या पुणेकरांसाठी: बुलढाणा जिल्हा, मोताळा तालुका. मलकापूरला रेल्वेतून उतरायचं आणि पुढे एसटी.) मामा सकाळपासून लायनीत उभा राहून युरियाच्या दोन गोण्या घेऊन आला होता. अंगण्यात त्या टाकल्या आणि मला म्हणाला, "तुमच्या कम्प्युटरमधून युरिया नाही निघत का रे बाप्पा?" ओसरीवर मामेभावाचा पोरगा दहावीचं विज्ञान घोकत होता. उत्प्रेरक म्हणजे काय, तर जो अभिक्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः तिच्यात भाग घेत नाही. तालासुरात, डोळे मिटून.

हे वाक्य मीही घोकलंय. दोन मार्क मिळाले होते. तुम्हालाही मिळाले असतील. आणि आज सांगतो, हे वाक्य धादांत खोटं आहे. उत्प्रेरक शेवटी परत मिळतो, एवढंच खरं. पण परत मिळणं म्हणजे भाग न घेणं? मी कर्ज काढलं, घर बांधलं आणि कर्ज फेडलं, तर बँक म्हणेल का की या घरात आमचा काही भागच नव्हता?

मामाच्या गोणीकडेच बघा. ४५ किलो युरिया, किंमत साधारण २६६ रुपये. त्यात ४६ टक्के नायट्रोजन. तो अमोनियातून येतो आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. मी तिथेच मोबाईलवर हिशोब केला, एका गोणीमागे जवळपास साडेचार किलो हायड्रोजन. किलोत ऐकायला किरकोळ वाटतं, पण वायू म्हणून सोडला तर दहा बाय दहाच्या दोन खोल्या छतापर्यंत भरतील!

आता हा हायड्रोजन मोठा हट्टी प्राणी. दोन अणूंची जोडी एकमेकांना घट्ट धरून बसलेली असते. ती नुसती तापवून तोडायची तर हजारो अंश लागतात. पण साधं झिंक ऑक्साइड घ्या, मलमात असतं ना, तेच. नीट साफ केलेल्या पृष्ठभागावर खोलीच्या तापमानालाच जोडी फुटते. एक हायड्रोजन जस्ताला चिकटतो, दुसरा शेजारच्या ऑक्सिजनला. जस्ताकडचा ऋण प्रभाराकडे झुकलेला, ऑक्सिजनकडचा धन प्रभाराकडे. म्हणजे जुळ्या भावांना दोन वेगळ्या घरी दत्तक दिल्यासारखं झालं! १९६२ साली इन्फ्रारेड प्रकाशात हे दोन्ही बंध वेगवेगळे दिसले. अंदाज नव्हे, मोजमाप. तरी आमचं पुस्तक म्हणतं की झिंक ऑक्साइड बाजूला उभं राहून टाळ्या वाजवतंय.

त्याहून गंमत टंग्स्टन ऑक्साइडची. पिवळी पूड असते. तिच्यात किंचित प्लॅटिनम मिसळा आणि हायड्रोजन सोडा. प्लॅटिनमवर फुटलेले अणू सरपटत ऑक्साइडमध्ये शिरतात आणि पूड निळी पडते. भाग न घेता कुणाचा रंग बदलतो हो?

खताच्या कारखान्यात तर अशा ऑक्साइडांची रांगच असते. आपल्या थळचा आरसीएफ घ्या की आणखी कुठला, नैसर्गिक वायूपासून सुरुवात. आधी झिंक ऑक्साइड त्यातलं गंधक गिळतं, आणि गिळता गिळता स्वतः संपतं. पुढे निकेलवर वायू आणि वाफ मिळून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. मग लोहाचं ऑक्साइड, जोडीला क्रोमियम. त्याच्या पृष्ठभागावर वाफेतलं पाणी फुटतं, त्याचा ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडला मिळतो आणि आणखी हायड्रोजन सुटतो.

आणि शेवटी मॅग्नेटाइट. काळा दगडच तो. अमोनियाच्या भट्टीत भरतात तेव्हा तो लोहाचं ऑक्साइड असतो. त्यावर काही दिवस गरम हायड्रोजन सोडतात. हायड्रोजन त्यातला एकेक ऑक्सिजन ओढून पाणी करून नेतो आणि मागे छिद्रंछिद्रं असलेलं लोखंड उरतं. ते छिद्राळ लोखंड म्हणजे खरा उत्प्रेरक. इथे घाई चालत नाही. निघालेली वाफ साचली तर लोखंडाचे कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि मग पुढची कित्येक वर्षं कमी अमोनिया. कण चिकटू नयेत म्हणून आत थोडं अॅल्युमिना घातलेलं असतं. हायड्रोजनला न जुमानणारं, खांबासारखं उभं. ही कृती अल्विन मिटाश आणि मंडळींनी जर्मनीत १९१० च्या आसपास हजारो मिश्रणं तपासून शोधली. आजही मूळ घाट तोच आहे. आणि त्या लोखंडावर नेमकं काय घडतं हे पायरी पायरीने दाखवणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांना नोबेल मिळालं २००७ मध्ये!

एवढं पुराण लावायचं कारण म्हणजे हल्ली उठसूट चाललेला ग्रीन हायड्रोजनचा गजर. पाण्यात हायड्रोजन, पाणी फुकट, म्हणजे इंधन फुकट, असं आमच्या ऑफिसच्या लंच टेबलवर शिकलेली माणसं बोलतात. अहो, पाण्यापासून एका गोणीपुरता हायड्रोजन काढायलाच सव्वादोनशे ते अडीचशे युनिट वीज लागते. शिवाय त्या लोखंडाला चारपाचशे अंश आणि शंभराहून जास्त वातावरणांचा दाब अखंड हवा. सूर्य मावळला म्हणून भट्टी रोज थंड करा, सकाळी परत पेटवा, हे त्याला मानवत नाही. शिवाय युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, जो आज त्याच नैसर्गिक वायूतून मिळतो. तो कुठून आणणार, हे लंच टेबलवर कुणी विचारत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर बनवायला आणि हायड्रोजन उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून. संशोधनाला ४०० कोटी. दोन टक्के! कारखाने उभे राहावेत, माझी हरकत नाही. पण कमी दाबावर, रोज बंद-चालू करता येईल असा पृष्ठभाग शोधायचा तर तो टेंडर काढून मिळणार आहे का? मिटाशला हजारो मिश्रणं फुकट तपासू दिली नव्हती कुणी. पण उत्प्रेरक भाग घेतच नाही, असं शिकून मोठे झालेल्या देशाने त्याच्यावर पैसे का टाकावेत?

आणि आपण सॉफ्टवेअरवाले! बारावीला केमिस्ट्री म्हणजे पाठ करायचा विषय म्हणून सुटलो, आणि आता पीपीटीत बिनदिक्कत लिहितो की टीम लीडने उत्प्रेरकाची भूमिका बजावावी. म्हणजे काय, काम न करता वेग वाढवावा? (काही टीम लीडांनी हे फारच मनावर घेतलंय. असो.)

पोराला हे सगळं सांगितलं. झिंक ऑक्साइडचं चित्रही काढून दिलं, वहीच्या मागच्या पानावर. त्याने मन लावून ऐकलं, दोन चांगले प्रश्नही विचारले. मग म्हणाला, "काका, पण पेपरात काय लिहू?"

मी गप्प बसलो. आतून मामाच म्हणाला, "पुस्तकातलंच लिही रे बाबा, मार्क जातीन."

आणि मी मान डोलावली.