चित्रपुस्तक लिहूं पाहणारी मुलगी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलीनें मजपुढें एक वही आणून ठेविली. प्रत्येक पानावर वर चित्र व खालीं एक-दोन ओळी, असा तिचा घाट होता. "सर, मला लहान मुलांचीं चित्रांचीं पुस्तकें लिहावयाचीं आहेत," एवढेंच ती बोलली. मीं वही घरीं नेली, लाल शाईनें ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि "अभ्यासाकडे लक्ष असावें" असा शेरा मारून ती परत केली. चित्रें मीं पाहिलींच नाहींत म्हटलें तरी चालेल. त्या शेऱ्याची आज मला लाज वाटते. हा लेख त्याचेंच परिमार्जन समजावा.

पुढें एके दिवशीं तीच वही शाळेच्या ओसरीवर एका पांच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातांत दिसली. तो जवळच्या कोलाम पोडावरचा. थोरल्या बहिणीबरोबर आला होता. एरवीं तो आमच्यापैकीं कोणाशीं अक्षरही बोलत नसे, व आम्हीं त्यास मुखदुर्बळ ठरविलें होतें. त्या वेळीं मात्र तो पानें उलटीत आपल्या भाषेंत अखंड बोलत होता. चित्रांत एक शेळी कापसानें भरलेल्या बंडीवर चढून बसली होती, आणि बंडी हांकणाऱ्या म्हाताऱ्यास त्याचा पत्ता नव्हता. खालच्या ओळी मराठींत होत्या. त्या त्यास वाचतां येत नव्हत्या, आणि त्यावांचून त्याचें कांहीं अडलेंही नाहीं.

मुकुटबनच्या बाजारांत घटकाभर उभें राहिल्यास मराठी, तेलुगु, गोंडी, कोलामी अशा भाषा कानीं पडतात. पैनगंगा ओलांडली कीं पलीकडे तेलंगणच लागतें. यांपैकीं कोलामी ही द्रविड कुळांतील. मराठीशीं तिचें रक्ताचें नातें नाहीं. घरीं तीच ऐकत वाढलेलें मूल पहिलींत येतें, तेव्हां मराठी भाषा व तिचीं अक्षरें अशा दोन अनोळखी गोष्टींशीं त्याची एकदम गांठ पडते. भिंतीवरील तक्ता त्यास सांगतो कीं 'अ' अननसाचा. आतां अननस आमच्या काळ्या जमिनींत पिकत नाहीं. (मीं स्वतः तो मोठेपणींच चाखला, हें सांगण्यास हरकत नाहीं.) अक्षर अनोळखी, शब्द अनोळखी आणि चित्रही अनोळखी! मग मूल गप्प बसतें, आणि आम्ही शिक्षक त्यास मंद म्हणून मोकळे होतों.

चित्रपुस्तक हें श्रीमंतांच्या मुलांचें खेळणें आहे अशी पुष्कळांची समजूत असते. माझें मत अगदीं उलट आहे. ज्या घरांत बोलण्याची भाषा व पुस्तकाची भाषा एकच, तेथील मुलास तें नसलें तरी एक वेळ चालेल. आमच्याकडील मुलास तें नसून चालत नाहीं.

ही कल्पना कांहीं नवी नव्हे. बिशप कोमेनिअस या थोर शिक्षकानें १६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें मुलांसाठीं एक सचित्र पुस्तक छापविलें. त्यांत वर चित्र आणि खालीं लॅटिन व जर्मन मजकूर अशी योजना होती; मुलानें आधीं वस्तु ओळखावी व मग तिचें नांव शिकावें, हा हेतु. आपल्याकडे विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं 'बालबोध' व वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं 'आनंद' हीं मासिकें काढून मुलांवर मोठेच उपकार केले. परंतु तीं ज्यांस वाचतां येतें अशा मुलांसाठीं होतीं. अद्याप वाचतां न येणाऱ्या मुलाचें पुस्तक तें निराळें. कोलामीचेंच पाहा ना. एमेनो या अमेरिकेंतील प्राध्यापकानें १९५५ सालीं त्या भाषेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पंडितांची सोय झाली. पण पोडावरच्या मुलाच्या हातांत देण्याजोगें कोलामींतील एकही चित्रपुस्तक आमच्या शाळेच्या कपाटांत नाहीं.

असें पुस्तक लिहूं इच्छिणारानें कोणाचा कित्ता गिरवावा, असें विचाराल तर मी पुण्याच्या माधुरी पुरंदरे यांचें नांव सांगेन. त्यांचा जन्म १९५२ सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व नंतर पॅरिस येथें त्या चित्रकला शिकल्या. पुण्यास त्यांनीं फ्रेंच भाषा शिकविली. गोष्ट त्याच लिहितात व चित्रेंही त्याच काढितात. 'राधाचं घर' यांत पऱ्या नाहींत, राक्षस नाहींत. एका लहान मुलीच्या घरचीं माणसें तेवढीं आहेत. यश नांवाच्या मुलाच्या गोष्टीही अशाच रोजच्या आयुष्यांतील. २०१४ सालीं त्यांस साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मला त्यांच्या पुस्तकांत विशेष वाटतें तें हें, कीं लेखिका मुलाकडे वरून खालीं पाहत नाहीं.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. मोठा कागद घडी घालून कापला असतां आठ, सोळा, बत्तीस अशा हिशेबानें पृष्ठें निघतात. तेव्हां सगळी गोष्ट त्या मापांत बसली पाहिजे. शिवाय चित्रांत जें दिसतें तेंच खालीं लिहिलें तर ओळ फुकट जाते. शेळी बंडीवर चढली असें आमच्या मुलीनें कोठेंच लिहिलें नव्हतें. "आज बंडी जड कां लागते?" असें म्हातारा म्हणतो, एवढेंच. हें तिला कोणीं शिकविलें, मला ठाऊक नाहीं. मीं तर नाहींच.

आतां आईबापांचा प्रश्न : यानें पोट भरेल काय? २०२२ सालीं येथें सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाल्यापासून पगाराची नोकरी आमच्या पालकांच्या डोळ्यांसमोर आहे, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घरास स्वप्नें परवडत नाहींत. केवळ चित्रपुस्तकांवर संसार चालेल असें मी कोणास सांगणार नाहीं. तिनें शिक्षिका व्हावें, परिचारिका व्हावें, कांहींही व्हावें. पण त्यासाठीं वही काढून घेण्याचें कारण नाहीं. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईनें १८९३ सालीं एका आजारी मुलास पत्रांतून सशाची गोष्ट चित्रांसह लिहून पाठविली. पुढें प्रकाशकांनीं ती नाकारिली, तेव्हां १९०१ सालीं तिनें स्वतःच्या खर्चानें २५० प्रती छापविल्या. दुसऱ्याच वर्षीं एका प्रकाशकानें तें पुस्तक रंगीत चित्रांसह काढिलें. पत्र आणि पुस्तक यांत नऊ वर्षें गेलीं. आमची मुलगी तर अजून नववींतच आहे.

मीं तिची क्षमा मागितली. शाळेंत मुलास क्षमा मागण्याचा प्रघात नाहीं, त्यामुळें ती गोंधळली व मीही गोंधळलों. हल्लीं ती शनिवारीं पोडावर जाते, आणि त्या मुलाच्या आजीकडून प्रत्येक ओळ कोलामींत विचारून देवनागरींत मराठीखालीं लिहून घेते. कांहीं ध्वनि आमच्या अक्षरांत नीट बसत नाहींत, म्हणून खाडाखोड फार आहे. ती मीं लाल शाईनें वाढविलेली नाहीं. सोळा पृष्ठांपैकीं अकरा झालीं आहेत. शेळीचें नांव मात्र अद्याप ठरलें नाहीं, कारण तो मुलगा दर वेळीं निराळेंच सांगतो.