कुणाचे रक्त प्रमाण मानायचे?

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. एवढी संख्या केवळ बंगल्यांत राहणाऱ्यांची असू शकत नाही. रोग कष्टकऱ्यांच्या वस्तीत शिरला, की तो मोजायचा कसा हा प्रश्नही प्रयोगशाळेपुरता राहत नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न होतो.

आज मधुमेहाच्या नियंत्रणाचे प्रमाण मानली जाते ती ‘एचबीएवनसी’ ही चाचणी. रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते. ही पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी गेल्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगते. मधुमेहींच्या रक्तातील हा फरक सॅम्युएल रहबर यांनी तेहरानमध्ये १९६८ साली दाखवून दिला. १९९३ साली अमेरिका व कॅनडातील मोठ्या प्रयोगाने सिद्ध केले, की ही टक्केवारी खाली ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी कमी होते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने निदानासाठीही ती मान्य केली, आणि ६.५ टक्के ही मर्यादा ठरली. या चाचणीचे मोल कुणीही नाकारू नये.

परंतु याच मान्यतेबरोबर एक अट होती. अचूक मोजणीला बाधा आणणारी स्थिती रुग्णाच्या ठिकाणी नसावी, अशी ती अट. तांबड्या पेशींचे आयुष्यमान बदलले की ही टक्केवारी फसवते. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झाला असेल तर ती आहे त्याहून जास्त दिसू शकते. सिकलसेलच्या रोगात पेशी लवकर मरतात आणि ती कमी दिसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साखर सारखीच असतानाही केवळ सिकलसेलचे वाहक असणाऱ्यांची टक्केवारी सरासरी सुमारे ०.३ ने कमी आढळली.

आता आपल्याकडे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासींत आणि विदर्भातील काही दलित समाजांत सिकलसेल घर करून आहे. पोटभर खाणाऱ्यांच्या समाजात जी अट अपवादासाठी लिहिली गेली, ती येथे पावलोपावली तपासावी लागते. रक्तक्षय असलेल्या मजूर स्त्रीचे औषध विनाकारण वाढते आणि सिकलसेलग्रस्त आदिवासीला ‘साखर ताब्यात आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते, असे होण्याचा धोका यात आहे.

यावर शास्त्राकडे उत्तर नाही असे नव्हे. साखर रक्तद्रवातील प्रथिनांनाही चिकटते आणि ती प्रथिने लवकर बदलतात. त्यांवर आधारलेली ‘फ्रुक्टोसामिन’ व ‘ग्लायकेटेड अल्ब्युमिन’ ही मोजमापे गेल्या दोन-तीन आठवड्यांची स्थिती सांगतात. तांबड्या पेशींच्या आयुष्याशी त्यांचा संबंध नाही. फ्रुक्टोसामिनची सोपी पद्धत न्यूझीलंडच्या संशोधकांनी १९८०च्या दशकारंभी शोधली. रुग्णालयांतील नेहमीच्या जैवरसायन यंत्रांवर ती चालते. जपानमध्ये ग्लायकेटेड अल्ब्युमिन, विशेषतः डायलिसिसच्या रुग्णांसाठी, प्रचारात आहे. तिसरे मोजमाप ‘१,५-अनहायड्रोग्लुसिटॉल’ या अन्नातून येणाऱ्या द्रव्याचे. साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर जाऊन लघवीत उतरू लागली की हे द्रव्यही शरीराबाहेर जाते. त्यामुळे गेल्या एक-दोन आठवड्यांतील साखरेचे चढ त्यातून कळतात.

थोड्या काळाचा हिशेब कुणाला हवा असतो? गरोदर स्त्रीला, कारण गर्भ तीन महिने थांबत नाही. ऊसतोड कामगाराला, कारण दिवाळीच्या सुमारास बीडहून निघालेला तो माणूस पाडव्यापर्यंत कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतो. भाद्रपदात बदललेले औषध लागू पडले की नाही, हे त्याला गाडी निघण्यापूर्वी कळले पाहिजे. त्रैमासिक तपासणीचे वेळापत्रक एका पत्त्यावर राहणाऱ्या पगारदारासाठी सोयीचे आहे, स्थलांतर हेच ज्याचे जीवन त्याच्यासाठी नव्हे.

या चाचण्यांनाही मर्यादा आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रक्तातील प्रथिने घटली, यकृत वा मूत्रपिंड बिघडले, की फ्रुक्टोसामिनही चुकते. कुपोषितांच्या देशात हे विसरून चालणार नाही. तिसरी चाचणी मधुमेहाच्या काही नव्या औषधांमुळे निरुपयोगी ठरते. दूरगामी हानीचा अंदाज देण्याबाबत जेवढा पुरावा एचबीएवनसीच्या मागे आहे, तेवढा यांच्यामागे नाही. म्हणून एक मूर्ती फोडून दुसरी बसवण्याचे कारण नाही. खाजगी प्रयोगशाळांच्या ‘पॅकेज’मध्ये आणखी एका महाग चाचणीची भर पडावी, हेही आपले म्हणणे नाही.

आपली मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर आणि तिच्यासोबत हिमोग्लोबिन विनामूल्य तपासले जावे. रक्तक्षय वा सिकलसेल आढळल्यास एचबीएवनसीच्या आकड्यावरच औषध ठरू नये. जिल्हा रुग्णालयांत अशा रुग्णांसाठी, तसेच गरोदर स्त्रिया व डायलिसिसवरील रुग्णांसाठी, फ्रुक्टोसामिन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिनची सोय असावी. आणि या चाचण्यांची प्रमाणे सरकारी खर्चाने येथील शेतमजूर, आदिवासी व स्त्रिया यांच्या रक्तावरून ठरवली जावीत.

ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा कार्यकर्त्यांनी इमारत आणि रिक्त जागा यांच्यापुढे जाऊन विचारावे, की येथे साखर मोजताना रक्तक्षय पाहिला जातो काय? रक्तक्षयाचे मूळ अर्धपोटी राहण्यात आहे आणि तो लढा दीर्घ आहे. तोवर निदान त्या अर्धपोटी माणसाच्या रक्ताचा अर्थ तरी चुकीचा लावला जाऊ नये.