ग्रीनजवळचे दोन फटके: चिप आणि पिच

टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळुरूच्या अदिती अशोकचं कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकलं. लांब फटक्यांत ती बहुतेक प्रतिस्पर्ध्यांच्या मागे होती, तरी चौथी आली ती ग्रीनवरच्या आणि ग्रीनभोवतालच्या खेळाच्या जोरावर. म्हणजेच ताकद कमी असली, वय वाढलं असलं, तरी तुमचा स्कोअर सुधारू शकतो. त्यासाठी हे दोन फटके नीट शिकून घ्या.

फरक काय?
चिपमध्ये चेंडू थोडाच वेळ हवेत असतो, मग घरंगळत जातो. पिचमध्ये तो उंच जातो आणि पडल्यावर लवकर थांबतो. वाटेत बंकर किंवा उंच गवत नसेल, तर चिपच निवडा. त्यात चूक झाली तरी नुकसान कमी होतं.

चिप अशी मारा
पाय जवळ ठेवा, वजन पुढच्या पायावर घ्या. चेंडू मधोमध किंवा किंचित मागे, हात चेंडूच्या थोडे पुढे. मनगटं शांत ठेवून खांद्यांनी फटका मारा, पटिंगसारखा.

आधी टप्पा कुठे पाडायचा ते ठरवा. सपाट ग्रीनवर ढोबळ हिशेब असा: पिचिंग वेजने चेंडू एक भाग हवेत तर दोन भाग जमिनीवर जातो. सँड वेजने दोन्ही जवळपास सारखे, तर 7 नंबरच्या आयर्नने एकास तीन-चार. होल 12 पावलांवर असेल, तर पिचिंग वेजने टप्पा चौथ्या पावलावर, पण ग्रीनवरच पडू द्या. पावसाळ्यात ग्रीन ओलं असतं, चेंडू लवकर थांबतो. तेव्हा टप्पा थोडा पुढे घ्या.

पिच अशी मारा
चेंडू मधोमध, पाय थोडे जास्त अंतरावर. अंतर जोराने नव्हे, तर क्लब किती मागे नेता त्यावर ठरवा: हात कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत. प्रत्येक मापाला तुमचा चेंडू किती लांब जातो ते वहीत लिहून ठेवा.

नेहमीची चूक
चेंडू उचलायला जाऊ नका. मनगटाने उचलू पाहिलं, की क्लब आधी जमिनीत रुततो किंवा चेंडूच्या डोक्यावर बसतो आणि चेंडू ग्रीनपार सुसाट जातो. उंची देण्याचं काम क्लबच्या तिरप्या तोंडाचं आहे. दुसरी चूक म्हणजे घाबरून मध्येच हात आखडणं. मागे कमी न्या, पण फटका पूर्ण करा.

घरी सराव
अंगणात किंवा गच्चीवर पायपुसण्याच्या तुकड्यावरून प्लॅस्टिकचे हलके चेंडू मारा. तीन पावलांवर टॉवेल पसरा. 20 पैकी किती चेंडू त्यावर पडतात ते मोजा. मुलांना समोर किंवा मागे उभं राहू देऊ नका. आजोबा आणि नात यांची बरोबरीची स्पर्धा लावता येईल असा हा खेळ आहे. या रविवारी लावून बघा!